दारांना फिल्लम न्हाय

मालकांच्या जीपजवळ जायचं असेल तर आधी कमरेचा पट्टा काढावा लागे. पट्ट्याचं बक्कल पत्र्याला लागतं आणि रंगावर ओरखडा उठतो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पट्ट्यानंतर मनगटावरचं घड्याळ, मग खिशातल्या किल्ल्या. जीपमध्ये बसायला निघालेला माणूस कोठडीत चालल्यासारखा दिसायचा. एकदा त्यांच्या साडूंनी, पट्टा काढला तर पॅन्ट राहणार नाही, अशी अडचण सांगितली. मालकांनी ती समजून घेतली आणि आतून सुतळी आणून दिली.

मालक म्हणजे राजारामपुरीतले माझे घरमालक. मी बांधकाम खात्यात आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा. नव्वदच्या दशकाच्या मध्याला नगरहून बदली होऊन कोल्हापुरात आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत अकरा वर्षं राहिलो. अकराही वर्षं त्यांनी मला 'पावणं' म्हणूनच हाक मारली. कोल्हापुरात अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात आणि त्यात आपुलकीच असते. मालकांच्या तोंडून मात्र तो शब्द आला की पाहुणा कधीतरी जातो याचीही आठवण व्हायची.

लक्ष्मीपुरीत त्यांचं प्लायवूडचं दुकान होतं. कपाटांच्या दारांना लावायचे चकचकीत तक्ते कारखान्यातून येतात तेव्हा त्यांच्यावर एक पातळ प्लास्टिकची कात चिकटवलेली असते. सुतार काम संपलं की ती ओढून काढतो. मालकांच्या घरी सुताराला तशी मुभा नव्हती. घरातल्या एकाही कपाटाची कात निघालेली नव्हती. कडा सुटलेल्या, मध्ये फुगे आलेले. पंखा लावला की भिंतीभर कपाटं फडफडत. सोफ्यावर प्लास्टिक, फ्रिजच्या मुठीवर प्लास्टिक. काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, लग्नातला शालू प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत. कोल्हापुरी बायका बोलतात तसं काकी 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. एकदा मला म्हणाल्या, "त्यो शालू मी एकदाच नेसलो. आता वरसातनं एकदा नुसता बघतो."

मालकांचं स्वतःचं असं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते एका वाक्यात मावत असे. "रंग कंपनीतनं एकदाच येतो, पावणं. त्येच्यापुढची सगळी रंगरंगोटी." हे वाक्य ते नव्या भांड्याला, नव्या चपलेला, नव्या सुनेलासुद्धा लावत. सून शेजाऱ्यांची होती म्हणून निभावलं.

जीप आली ती काकींच्या माहेराच्या नावावर. काकींचं माहेर शाहूवाडीकडचं, मलकापूरच्या पुढं डोंगराच्या कुशीतली दहा-बारा घरांची वाडी. भाताची शेती, भाऊ आणि म्हातारी आई. एष्टी फाट्यावर सोडायची, पुढं सगळी चाल. साधी मोटार तिकडं जात नाही, म्हणून मालकांनी चारही चाकं ओढणारी जीप घेतली. तुझ्या आईच्या दारात नेऊन उभी करतो, असं त्यांनी काकींना सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. रंग गर्द हिरवा. कागदपत्रांवर त्याचं नाव 'फॉरेस्ट ग्रीन' असं होतं आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवत. पुढच्या चार वर्षांत त्या जीपनं झाडं पाहिली ती रंकाळ्याच्या काठची. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना मालक तिला तलावापर्यंत नेत आणि परत आणत. मग दीड तास पुसत. गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा होता, चारही चाकांना जोर देणारा. त्याच्यावर त्यांनी लोकरी मोजा चढवला होता.

सुरुवातीला त्यांनी जीपला टेबलावर अंथरायचं जाड पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं. मीटरवर मिळतं ते. कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. पहिल्याच रविवारी जरा वेग घेतल्यावर बॉनेटवरचं प्लास्टिक सुटलं आणि समोरच्या काचेवर येऊन बसलं. मालकांनी जीप थेट एका केळ्यांच्या गाड्यापुढं थांबवली. केळीवाल्यानं आधी केळी वाचवली आणि मग मालकांच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मालक ते ऐकत नव्हते. ते गुडघ्यावर बसून चिकटपट्टीनं रंग निघाला का ते बघत होते. उन्हानं चिकटपट्टीचा डिंक वितळला होता. तो काढायला त्यांना पंधरा दिवस लागले, आणि खोबरेल तेलाच्या सात बाटल्या.

खरी फिल्म आली ती नंतर. मालकांचा पुतण्या दुबईला होता. तिकडं मोटारींच्या रंगावर काचेसारखी पारदर्शक फिल्म चिकटवतात, खडा लागला तरी रंगाला काही होत नाही, असं तो फोनवर बोलून गेला आणि आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्या दिवसापासून मालकांनी त्याचा इतका पिच्छा पुरवला की पुढच्या सुट्टीत तो मिठाईऐवजी फिल्मचं भेंडोळं घेऊन आला. मालक तिला 'फिल्लम' म्हणत. फिल्लम आली, हे त्यांनी मला जिना चढून येऊन सांगितलं. एरवी ते भाड्यासाठीसुद्धा जिना चढत नसत, खालूनच हाक मारत.

"तुमचा हात कागदावर बसलेला हाय," ते म्हणाले. "बोनेटचं माप काढून द्या की."

मी माप काढून दिलं. ऑफिसातल्या रद्दीत गेलेल्या ट्रेसिंग पेपरवर बॉनेटचे, मडगार्डांचे, पुढच्या जाळीच्या चौकटीचे साचे काढले. सरकारी पुलाचा नकाशा मी इतक्या काळजीनं कधी काढला नसेल. आज हसू येतं, पण तेव्हा मीही त्यात रंगलो होतो. खोल्यांना पाणी भरपूर होतं, भाडं कमी होतं, आणि मालकांच्या मर्जीत राहणं मला जड नव्हतं.

फिल्म लावायचा कार्यक्रम नऊ दिवस चालला. पत्रा साबणाच्या पाण्यानं ओला करायचा, त्याच्यावर फिल्म अंथरायची, मग रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी ढकलत जायचं. वळणांवर फिल्म बसत नसे, तिथं केस वाळवायच्या यंत्रानं ऊब द्यायची. धूळ उडू नये म्हणून घरात झाडू बंद. पदर फडफडतो म्हणून काकींना अंगणात बंदी. दुसऱ्या दिवशी बॉनेट पूर्ण झालं, मालकांनी मागं सरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बरोबर मधोमध, फिल्मखाली, एक डास होता. पंख पसरलेला, सहाही पाय जागच्या जागी. फिल्म उचलावी तर ताणली जाणार, आणि दुसरा तुकडा नव्हता. डास राहिला. नंतर लोकांना बॉनेट दाखवताना मालक त्याच्यावर सहज ठेवल्यासारखा तळहात ठेवत.

भेंडोळं पुढच्या भागातच संपलं. दोन्ही बाजूंची दारं उघडी राहिली. पुतण्याला फोन गेला. तो म्हणाला, पुढच्या सुट्टीत आणतो. तेव्हापासून जीपचा प्रत्येक प्रवास त्या पुढच्या सुट्टीवर ढकलला गेला. काकी माहेरचं नाव काढायच्या आणि मालक म्हणायचे, दारांना फिल्लम न्हाय अजून. काकी एष्टीनं जायच्या, फाट्यावर उतरून दोन कोस चालायच्या आणि आल्यावर मला वर तांदळाच्या पिठाचे लाडू आणून द्यायच्या. तक्रार मी कधी ऐकली नाही.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर वाडीतून फोन आला. काकींची आई गोठ्यात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, कुशीवर वळता येत नव्हतं. भाऊ म्हणाला, जीप घेऊन या, दुसरं कोणतंच वाहन इथवर येत नाही. काकींनी पाच मिनिटांत पिशवी भरली. म्हातारीला उचलायला माणूस हवा म्हणून मला बोलावलं. मी घाईत पट्टा घालूनच खाली आलो तर मालकांनी बोटानं कमरेकडं खूण केली. मी पट्टा काढून पायरीवर ठेवला.

मलकापूर मागं टाकून आम्ही वाडीच्या रस्त्याला लागलो. मारुतीच्या देवळापाशी डांबर संपलं. पुढं बैलगाडीची वाट, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या, मध्ये वाकून आलेल्या. मालकांनी जीप थांबवली, खाली उतरले. पाच-सहा पावलं आत गेले, हात पसरून जाळ्यांमधलं अंतर मोजलं, परत येऊन दारावरून तळहात फिरवला.

"पुढं गाडी जात न्हाय," ते म्हणाले.

काकी खाली उतरल्या. "किती लांब हाय ठाऊक हाय न्हवं?"

"दारांना फिल्लम न्हाय. त्यास्नी हिकडं घेऊन या. मी गाडी वळवून ठेवतो."

वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे ठसे होते. ट्रॅक्टर जातो तिथं ही जीप दोनदा जाईल, हे मला दिसत होतं. रस्त्यांची रुंदी मोजण्यातच माझी नोकरी चालली होती. मी बोललो असतो तर मालक कदाचित वरमले असते. मी बोललो नाही. घरमालकाला त्याच्या गाडीबद्दल काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं आणि काकींच्या मागून चालू लागलो. काकींनी मागं वळून पाहिलं नाही.

येताना म्हातारी बाजेवर होती. एका कोपऱ्याला काकींचा भाऊ, दोन कोपऱ्यांना शेजारचे दोघे, चौथ्याला मी. चिखल वाळून कडक झालेल्या खाचा होत्या. पाय खाचेत गेला की बाज हिंदकळायची आणि म्हातारी ओठ आवळून घ्यायची. पट्टा नसल्यानं माझी पॅन्ट घसरत होती, एक हात ती सावरण्यात अडकला होता. दर थोड्या वेळानं बाज खाली ठेवावी लागे. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा म्हातारीनं माझ्याकडं बघून हलकेच विचारलं, "लई जड झालो व्हय रं, लेकरा?" मी खाली वाकून बाजेचा कोपरा पुन्हा धरला.

देवळापाशी मालक वाट बघत होते. जीप वळवून सावलीत लावली होती. मागच्या सीटवर त्यांनी प्लास्टिक अंथरलं होतं, नीट, कोपरे दुमडून. आम्ही म्हातारीला आत सरकवत होतो तेव्हा ते बाजेचे पाय दाराला लागू नयेत म्हणून तिथं हात धरून उभे होते. काकींनी ते सगळं पाहिलं. कोल्हापूर येईपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत हे मालकांच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. ते चेकपोस्टच्या अलीकडं एका ट्रकवाल्यानं उडवलेल्या खड्यांबद्दल बोलत होते.

शस्त्रक्रिया झाली, हाड बसलं. म्हातारी तीन-चार महिने मालकांच्याच घरी राहिली. फडफडणाऱ्या कपाटांकडं बघत पडून असायची. एकदा मला म्हणाली, "ह्या घरात सारखं कुणीतरी पिशवी उघडतंय असं वाटतंय."

याच दिवसांत काकी रोज दुपारी बाहेर जाऊ लागल्या. मालकांना वाटायचं भजनाला जातात. मला एकदा ऑफिसच्या कामानं कळंब्याकडं जावं लागलं. तलावाच्या रस्त्यावर समोरून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आली, डोक्यावर तांबडी पाटी, गोगलगाईच्या चालीनं. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून काकी बसल्या होत्या. पन्नाशी केव्हाच उलटलेली, डोक्यावरचा पदर जागच्या जागी, कपाळावर घाम. शेजारी मास्तर. काकींनी मला पाहिलं आणि गाडी बंद पडली.

खिडकीपाशी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मालकास्नी सांगू नगा."

मी सांगितलं नाही. गप्प राहण्यात मी वाकबगार होतो. या वेळी निदान कुणाच्या उपयोगी पडलो.

म्हातारी काठी घेऊन चालायला लागली आणि तिनं घरी जायची घाई सुरू केली. मालक म्हणाले, सोडून येतो की फाट्यापर्यंत. म्हातारी म्हणाली, मी एष्टीनं जातो. त्याच दुपारी जेवणं झाल्यावर काकींनी हात पुसले आणि मालकांपुढं उजवा हात धरला.

"किल्ली द्या."

"कशाची?"

"जीपची. आईला दारात सोडून येतो."

मालक हसले. काकींनी कनवटीतून लायसन काढून पुढं ठेवलं. मालकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. त्याच्यावर सरकारनंच प्लास्टिक चढवून दिलेलं होतं, त्यामुळं खोटं म्हणायची सोय नव्हती. मग तिजोरीतून मखमली पिशवी आणली, तिच्यातली किल्ली काढली आणि म्हणाले, मीबी येतो.

"या की," काकी म्हणाल्या.

मागं म्हातारीला धरून मी बसलो. पट्टा या वेळी कमरेलाच होता. मालकांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते डाव्या बाजूला बसून मलकापूरपर्यंत पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. काकी सावकाश चालवत होत्या, पण चुकत नव्हत्या. ट्रकला वाट देत होत्या, वळणावर भोंगा वाजवत होत्या. देवळापाशी डांबर संपलं तिथं त्यांनी जीप थांबवली. मालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि दाराच्या कडीला हात घातला.

काकींनी त्या छोट्या दांड्यावरचा मोजा ओढून काढला. "ह्यो कसा टाकायचा?"

मालक दांड्याकडं बघत राहिले. चार वर्षं पुसत होते ते. ज्याच्यासाठी जीप घेतली तो दांडा कसा टाकतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मला ठाऊक हाय," काकी म्हणाल्या. "मास्तरानं शिकवलंय. तुमास्नी हाय का बघत होतो."

दांडा पडला आणि जीप वाटेला लागली. करवंदीचा पहिला काटा दारावरून गेला तो आवाज मला अजून आठवतो. पाटीवर नख ओढावं तसा. मालकांनी डोळे मिटले. मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि येणारी प्रत्येक फांदी हातानं मागं ढकलू लागले. करवंदीच्या काट्याला रंग काय आणि कातडी काय. कोपरापर्यंत हात ओरबाडून निघाला, बाही फाटली, तरी ते थांबेनात. मागून म्हातारी म्हणाली, "जावयबापू, हात आत घ्या." त्यांनी घेतला नाही. काकींनी वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही.

जीप दारात उभी राहिली. सगळी वाडी गोळा झाली, म्हातारीला हात देऊन उतरवलं. मालक एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरत दारांवरचे ओरखडे मोजत होते. डाव्या बाजूला कमी होते, हातानं वाचवले तेवढे. काकींच्या बाजूची दारं पार रेघोट्यांनी भरलेली. म्हातारीनं मालकांना ओसरीवर बोलावून घेतलं आणि बसवून त्यांच्या हाताला हळद लावली. ती लावत असताना मालकांनी एकदा तिच्या काठीकडं बघितलं. मग मान खाली घातली. त्यांना काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. त्यांच्या मनातलं त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही, तेही झाकूनच ठेवलेलं होतं.

जेवणं उरकल्यावर आम्ही परत निघालो. मालक जीपमध्ये बसले नाहीत. त्यांनी मेव्हण्याकडून कोयता मागून घेतला आणि वाटेवर पुढं झाले. जीप पहिल्या गिअरमध्ये मागून. प्लायवूडखेरीज लाकूड हातात न धरलेला तो माणूस दोन्ही हातांनी जाळ्या तोडत चालला होता. सुरुवातीला त्वेषानं, मग दमून. खाचांमध्ये पाय मुरगळत होता. दोनदा बसले, दोनदा उठले. मी उतरून मदत करू लागलो तर काकी म्हणाल्या, तुम्ही बसा. तुम्ही ही वाट एकदा चाललाय. भोंगा त्यांनी एकदाही वाजवला नाही. चाकावर हात ठेवून त्या त्यांच्या पाठीकडं बघत होत्या.

देवळापाशी पोचायला बराच वेळ लागला. मालक पायरीवर टेकले. शर्ट अंगाला चिकटलेला, हळदीच्या हातावर नवे ओरखडे, धाप काही केल्या थांबेना. काकींनी जीप त्यांच्यापाशी आणली, पाण्याची बाटली खिडकीतून पुढं केली. ते घटाघट पाणी प्यायले.

"लांब हाय न्हवं?" काकींनी विचारलं.

मालकांनी मागं, वाडीच्या दिशेला बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "लई लांब हाय."